सुतारखान्यातलं विमान

बिनकामाचं काम मन लावून करायला घेतलं की किस्से आपोआप जमतात. कामाच्या कामात हसायला वेळ कुणाला असतो? आमच्या मालेगावात, म्हणजे वाशीम रोडवरच्या, नाशिककडच्या नव्हे, आम्ही तिघांनी मिळून एक विमान बनवलं. जुन्या काळच्या दोन सिटांच्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती, रिमोटवर उडणारी.

तिघे म्हणजे शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे वानखडे सर, ज्याच्या सुतारखान्यात हे सगळं चाललं तो गजूभाऊ, आणि मेडिकलवाला मी. विमानाचं ड्रॉइंग सरांचं. कॉलेजात असताना त्यांनी ते परदेशातून टपालानं मागवलं, आणि मग नोकरी, लग्न, पोरींची शिक्षणं यात ते पेटीतच राहिलं. आता सरांचा उजवा हात थरथरतो. गोळ्या माझ्याकडूनच नेतात, त्यामुळे डोस वाढत चाललाय हे मला कळतं. हात पुरता जायच्या आत विमान बनवायचं आणि स्वतः उडवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

*

ड्रॉइंग उघडलं तर सगळं इंग्रजीत, आणि मापं इंचाच्या अपूर्णांकात. मी फार्मसी शिकलेलो, मला काही झेपेना. सर चष्मा पुसत बसले. गजूभाऊ सातवीत शाळा सोडलेला. त्यानं एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हे तं सुतात हाय."

इंचाचे आठ सूत, हे सुताराला झोपेतही पाठ असतं. त्यानं विमानाची बरगडी न् बरगडी धडाधड वाचून दाखवली. मी गुपचूप चहा सांगायला गेलो.

*

मग मुंबईहून बाल्साचं लाकूड आलं. ते इतकं हलकं आणि मऊ की नख लावलं तरी खड्डा पडतो. गजूभाऊनं ते हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "हे लाकूड हाय का पापड?"

आम्ही नसताना त्यानं शेपटी सागवानाची केली. वर पॉलिश मारलं. दिसायला अशी देखणी की काय सांगू! पण सांगाडा जोडून टेबलावर ठेवला तर विमान शेपटीवर बसलं आणि नाक थेट छपराच्या पत्र्याकडे. सर म्हणाले, ही काढावी लागेल. गजूभाऊ दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच ती काढली आणि घरी नेली. आता तिच्यावर त्याच्या देवघरातली समई असते.

*

असल्या ड्रॉइंगमध्ये पंख एकच काढलेला असतो. दुसरा उलटा धरून बनवायचा. सर कटिंगला भल्या सकाळी बसत, कारण त्यांच्या मते हात जरा उशिरा उठतो. मी दुकानातून सर्जिकल ब्लेड आणि गोंदासाठी सिरिंज पुरवायचो. दोन महिन्यांनी पंख तयार झाले, शेजारी ठेवले, आणि बघतो तर दोन्ही डावे!

गजूभाऊ रोज डाव्या-उजव्या पल्ल्यांची दारं करतो. त्याला कसं दिसलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "दिसलं नं. मले वाटलं इमानात चालत असन."

सरांची सगळी नोकरी पोरांना सममिती शिकवण्यात गेलेली. त्या दिवशी त्यांचा हात फार हलत होता आणि मला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ते शेंगदाण्याच्या तेलाची बाटली घेऊन आले. ड्रॉइंगला तेल चोपडलं, रेघा मागच्या बाजूनं दिसायला लागल्या, आणि कागद पालथा करून उजवा पंख सुरू झाला.

*

विमान पुरं झाल्यावर मेडशीजवळच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही ते घेऊन उडवायला जागा मागायला गेलो. सोयाबीन निघून त्याचं शेत मोकळं झालं होतं. त्यानं विमानाभोवती फिरून नीट पाहिलं आणि टाकी किती लिटरची आहे ते विचारलं. टाकी नाही, हे फवारत नाही, असं सरांनी सांगितलं.

"मंग कायले बनवलं?"

सर म्हणाले, "उडवाले." त्याला बहुतेक आमची कीव आली. त्यानं वखरून, वर पाटा फिरवून विमानाला धावायला सपाट पट्टा तयार करून दिला.

*

आता उडवायचं कुणी? अकोल्याचे एक इंजिनिअर अशी विमानं सराईतपणे उडवतात, त्यांना बोलावलं. सरांचा हात पाहून त्यांनी मला बाजूला घेतलं. रिमोटची कांडी जरा हलली तरी विमान कलतं, तेव्हा मीच उडवतो, सरांनी बघावं, असं त्यांचं मत पडलं. मलाही ते पटलं. सरांना सांगायची पाळी माझ्यावर आली.

सर म्हणाले, "बघाचंच असन तं मी घरी टीव्ही नाही पाह्यत का?"

शेवटी असं ठरलं की इंजिनिअरनी विमान वर न्यायचं, भरपूर उंचीवर रिमोट सरांच्या हातात द्यायचा, आणि तोल गेला की लगेच परत घ्यायचा.

विमान उठलं, बांधावरून वळलं, उंच गेलं. रिमोट सरांकडे आला. त्यांनी तो छातीशी धरला आणि लगेच वर विमानाचे पंख डावे-उजवे, डावे-उजवे हलायला लागले. हात हलत होता तसेच. गजूभाऊनं मान खाली घातली. माझ्यानंही वर बघवेना.

शेजारच्या हरभऱ्यात बाया तण निंदत होत्या. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं तशी एक म्हातारी विळा टाकून उभी राहिली.

"अवं पाह्य वं, थे आपल्याले राम राम करून राह्यलं!"

तिनं हात हलवला. मग दुसरीनं हलवला, मग सगळ्याच उठल्या आणि हात वर करून हलवायला लागल्या. सरांनी विमान वळवलं आणि पुन्हा त्यांच्याच डोक्यावर आणलं. पंख हलतच होते.

इंजिनिअरनी रिमोट घ्यायला हात पुढे केला.

"थांबा हो," सर वर बघतच म्हणाले. "त्याईचा राम राम चालू हाय अजून."