अल्बमचं तिसरं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, आणि या क्षणी पलीकडच्या खोलीत शर्टांना इस्त्री करत असलेल्या माझ्या नवऱ्याला – सुहासला – तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

दुपारी डोळा लागला की मला आमचं मुलुंडचं घर दिसतं, पण खालून दिसतं. साडेचार वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून. बाल्कनीतली अळूची बालदी केवढी मोठी असते. मागचे डोंगर धुरकट, अगदी हाताशी आल्यासारखे. पलंगावर निळी चादर. सगळं पाण्याखाली असावं तसं संथ हलत असतं आणि मी मात्र त्या घरात कुठेच नसते.

आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं होतं. बालसंरक्षण कार्यालयातल्या एक ताई घर बघायला आल्या. घर कमी बघितलं त्यांनी, आम्हालाच जास्त बघितलं. पुढे एका साडेचार वर्षांच्या मुलीची माहिती आली, आम्ही होकार कळवला. मूल जरा मोठं असलं की भेटीआधी घरच्या फोटोंचा अल्बम ते राहतं त्या संस्थेत पाठवायचा असतो, म्हणजे माणसं एकदम परकी वाटत नाहीत. तो सुहासने केला. अख्खा रविवार फरशीवर बसून, कात्री-गोंद घेऊन. पहिल्या पानावर बिल्डिंग, दुसऱ्यावर तो स्वतः, तिसऱ्यावर मी, मग अळू, चादर, डोंगर. प्रत्येक फोटोखाली लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत नाव. संस्थेतल्या बाई तो तिला रोज दाखवत होत्या.

भेटीच्या दिवशी संस्थेतल्या खोलीत ती आली आणि थेट सुहासच्या शेजारी बसली. त्याचं घड्याळ चाचपून पाहिलं – फोटोतलं तेच आहे ना, याची खात्री करावी तसं. त्याचे डोळे भरून आले होते. मग आधारकार्डाची एक झेरॉक्स कमी पडली म्हणून तो खाली गेला, बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या, आणि खोलीत आम्ही दोघीच उरलो.

ती बोलायला लागली. अळूला पाणी कोण घालतं, चादर धुतली तर मी कशावर झोपू, डोंगरावर दिवे लागतात का. सगळं पाठ होतं तिला. माझ्या घरात ती कधीची राहायला आली होती – आणि मला? मला तिचं काय माहीत होतं? तिने माझं बोट धरलं. मला वाटलं, हिने मला आई ठरवून टाकलंय आणि मी अजून काहीच ठरवलेलं नाही. मला भीती वाटली. एवढंच. तिच्यात काहीही कमी नव्हतं.

भीती वाटते असं म्हणता आलं असतं. त्या ताईंनी समजून घेतलं असतं, थोडा वेळ दिला असता. सुहासनेही घेतलं असतं. पण मी काय केलं? तो झेरॉक्स घेऊन घामाघूम होऊन वर आला तेव्हा त्याला पॅसेजमध्येच गाठलं आणि हळूच म्हणाले, "तुला घाबरतेय रे ती. तू गेल्यावर रडली. बाबा नको म्हणाली."

त्याने एकदाही उलट विचारलं नाही. तो परत आत गेलाच नाही, दारातूनच लांबून तिच्याकडे बघत राहिला. आम्ही नकार कळवला. त्याचं कारण लिहून द्यावं लागतं. ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं – मुलीला वडिलांची भीती वाटते. तो कागद तिच्या फाइलला लागला. पुढे ज्यांनी ज्यांनी ती फाइल उघडली असेल, त्यांनी तो वाचला असेल. त्यामुळे तिचं काय झालं, ते विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

नंतर सुहासनेच आमचं नाव काढून घेतलं. माझ्यामुळे नको, म्हणाला. हल्ली लिफ्टमध्ये लहान मूल दिसलं की तो जिन्याने जातो. मुलं घाबरतात मला, असं हसत सांगतो लोकांना. मी शेजारीच उभी असते.

ती रडली नव्हती. तो खाली गेला तेव्हा ती दाराकडे बघत होती आणि तिने मला विचारलं होतं, "बाबा परत येतील ना?"

मी हो म्हणाले होते.

अल्बम आम्ही परत मागितला नाही. त्यातल्या तिसऱ्या पानावर मी हसतेय. खाली सुहासच्या अक्षरात लिहिलंय – आई.