बाटली त्याची, डोस्कं माह्यं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर पान उलटा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होती आणि गावोगावी हातभट्ट्या पेटलेल्या होत्या. आमची संस्था त्याविरुद्ध भिंती रंगवायची — चुन्याच्या भिंतीवर गेरूची अक्षरं. घोषणा मी रचायचो. मी पिपरी मेघेचा, जिभेचा तिखट, आणि मला त्याचा माज होता. 'दारू सोडा, संसार जोडा' असल्या गुळमुळीत ओळींची मला चीड यायची. घोषणा कशी, कानफटात बसली पाहिजे, असं मी म्हणायचो. स्वतः कधी कुणाची थप्पड खाल्ली होती मी?

संस्थेचा एक नियम होता. घोषणा बायकांच्याच बोलण्यातून उचलायची. पण जिचे शब्द, तिनं भर बैठकीत हात वर केल्याशिवाय भिंतीला कुंचला लावायचा नाही. हा नियम मोठ्या ताईंचा. त्या संस्था चालवायच्या, आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

समुद्रपूरकडच्या एका गावात सिंधू भेटली. केस बाजूला सारून तिनं नवऱ्यानं पाडलेली टाळूवरची खोक दाखवली नि म्हणाली, "बाटली त्याची, डोस्कं माह्यं." बस्स. माझ्या अंगावर काटा आला — ओळ सापडल्याच्या आनंदानं. याला काय म्हणाल तुम्ही?

ती ते ओळखून चुकली. "लिहू नोका भाऊ. मी हे त्याच्या तोंडावर म्हटलं हाय, साऱ्या गल्लीनं आयकलं. तो मले जित्ती ठेवणार नाई." बैठकीत तिनं हात वर केला नाही. मांडीखाली दाबून बसली होती.

मी लिहिलं. एसटीच्या थांब्यासमोर, हातभर उंच अक्षरांत. ताई त्या बैठकीला नव्हत्या; त्यांना सांगितलं, तिनं हात वर केला.

पुढचं मला गावातल्या बायकांनी सांगितलं. नवऱ्याला कुणीतरी ते वाचून दाखवलं, लोक हसले. त्यानं तिला चुलीपासून केसांना धरून फरफटत भिंतीपाशी आणलं. "वाच! काय लिवलं तू, वाच!" — आणि तिला वाचता येत नव्हतं. प्रत्येक 'वाच'ला त्यानं तिचं तोंड भिंतीवर आपटलं. दात पडले, जबडा मोडला, एक डोळा गेला. गेरू कुठला नि रक्त कुठलं, कळत नव्हतं म्हणे.

मी त्या माणसाला शिव्या घालत वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. खऱ्याखुऱ्या रागानं. मला त्याला ठेचायचं होतं — आणि मला? मला कुणी ठेचायचं?

ताई खाटेपाशी उभ्या होत्या. तिच्यासमोरच त्यांनी विचारलं, "हिनं हो म्हटलं होतं ना रे?" सिंधूचा जबडा पट्ट्यांनी बांधलेला. उघडा एकच डोळा — तो माझ्यावर. तिला बोलता येणार नाही हे मी आधी पाहिलं. मग बोललो. "हो ताई. तिनंच लिहायला सांगितलं."

ती उशीवर मान हलवू लागली. इकडून तिकडे, इकडून तिकडे. पट्टी लाल होत चालली. ताई घाबरल्या. "काय म्हणतेय रे ती?"

"दुखतंय तिला," मी म्हणालो, आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं — हलू नये म्हणून.