पहिल्या ईदचं गोड

पौडच्या बाजारपेठेमागच्या आळीत वर्षभरात कुणाचं माणूस गेलं असेल, तर त्या घराच्या पहिल्या ईदेला सुलतानाभाभी झाकलेला वाडगा घेऊन उंबऱ्यात उभी राहणार, हे ठरलेलं होतं. आळीची रीतच तशी होती. मयत झालेल्या घरची चूल पहिल्या ईदेला गोडासाठी पेटत नाही. गोड दुसऱ्याच्या घरून यायचं, आणणारीनं घरच्या बाईच्या तोंडात पहिला घास आपल्या हातानं घालायचा, मग त्या घराचा दुखवटा उठला. धर्मात असलं काही सांगितलेलं नाही, असं मौलाना दरवर्षी बजावत. माणसं माना डोलावत आणि घरी जाऊन रीतच पाळत.

बाकीच्या बायका शेवया नेत, फार तर शिरखुर्मा. सुलताना शाही तुकडे न्यायची. एक दिवसाचा शिळा पाव कडा काढून तिरका कापायचा, तुपात मंद तळायचा, वेलचीच्या पाकात बुडवायचा आणि वरून आटवलेल्या दुधाची दाट रबडी ओतायची. सांगायला सोपं आहे. पण तिच्या तुकड्यात पाक पोटापर्यंत मुरलेला असायचा आणि कड तरीही दाताखाली वाजायची. तिची धाकटी जाऊ जस्मीन लग्न होऊन आल्यापासून शेजारी उभी राहून बघत आली होती. तिचे तुकडे एक तर चामड्यासारखे चिवट व्हायचे, नाही तर चमच्यावर घेताना फाटायचे.

सुलतानाला आपल्या हाताची घमेंड होती. वाडगा ती घर बघून न्यायची. जन्नतचा नवरा दारू पिऊन ताम्हिणी घाटात ट्रकखाली गेला, तेव्हा जन्नत चार घरची भांडी घासून पोट भरत होती. तिच्या पहिल्या ईदेला सुलतानाकडं पातेलंभर तुकडे होते. कुणीतरी आठवण केली तर ती म्हणाली, "तिच्या दारात जायाचं? बसायला धड चटई न्हाई. आन त्या बेवड्याचा कसला आलाय दुखवटा?"

सुलताना गेली नाही म्हणून बाकीच्याही गेल्या नाहीत. आणि ती काय म्हणाली, ते जन्नतच्या कानावर त्याच संध्याकाळी गेलं. आळीतल्या भिंती पातळ आहेत.

पुढं एका वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात सुलतानाचा नवरा दस्तगीर आपल्या चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल चढवता चढवता पुढं कलंडला. गिऱ्हाइकाला वाटलं, खाली काहीतरी पडलंय ते शोधतोय. ते बराच वेळ पाय पुढं करून तसंच बसून राहिलं.

मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे महिने सुलतानानं घरात बसून काढले. दुकान दिरानं, जस्मीनच्या नवऱ्यानं बाबालालनं, आपल्या सिमेंटच्या गोदामाला जोडून घेतलं. जेवणाचा डबा भिंतीपलीकडून दिराच्या घरून येई. आधी गरम येत असे, मग कोमट येऊ लागला, आणि रमजान लागेपर्यंत 'भांडी घासायला जन्नत येईल तेव्हा' येऊ लागला. सुलतानानं त्याची तक्रार केली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. ईदेला वाडगा कोण आणणार?

मागून आणवला तर तो वाडगा कसला. आणि कुणीच आणला नाही तर? तशी घरं तिनं पाहिली होती. दुखवटा न उठलेल्या घराला आळी हळूहळू विसरते. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला माणूस ते एक दार सोडून पुढच्या दाराची कडी वाजवतो. जन्नतच्या दाराचं तेच झालं होतं, आणि त्याची सुरुवात कुणी केली, हे सुलतानाला चांगलं ठाऊक होतं.

आळीतल्या दोघीतिघींनी जस्मीनला विचारलंही. जस्मीननं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "माझ्या थोरल्या जावेचं गोड मीच नेणार. तुमी कुणी तसदी घिऊ नका." झालं. बायकांनी हात झटकले. आता वाडगा आला तर एकाच घरून येणार होता.

ईदेच्या आदल्या रात्री, चाँदरातीला, जस्मीन आली, पण रिकाम्या हातानं. उंबऱ्यातूनच म्हणाली, "भाभी, उद्या नांद्याचे हैबतराव येत्यात, बायकोला घिऊन. ह्यांचं सगळं सिमेंट त्यांच्याच बिल्डिंगींवर जातंय. सकाळी लवकर या, तुकडे करायचेत."

"जस्मीन, माझी पहिली ईद हाय. मी गोड करू?"

"तुमच्या चुलीवर कुटं करायचंय? माझी चूल का दुखवट्यात हाय?" जस्मीन हसली. "आन रिकामं बसून तरी काय करणार? हाताला काम आसलं म्हंजी रडू येत न्हाई."

सुलताना हो म्हणाली. नाही म्हटलं असतं तर जस्मीन रुसली असती, आणि रुसलेली जस्मीन वाडगा आणणार नव्हती. तुकडे आपण करून दिले तर तिला आपसूक आठवेल, असाही तिनं हिशोब केला. शिरखुर्मा नको. वाटीभर शेवया आणल्या तरी पुरे.

ईदेच्या सकाळी पुरुष नमाजाला गेले आणि सुलताना जावेच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. मोरीपाशी जन्नत पातेली घासत होती. पाव आदल्या दिवशीचाच होता, पण ओलसर. सुलतानानं तो कापून फडक्यावर पंख्याखाली पसरला. दूध आटायला ठेवलं. कढईत तूप तापलं, तिनं पहिला तुकडा सोडला, आणि कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटलं. हात सगळं विसरले नव्हते. तुकडे सोनेरी होऊन वर येऊ लागले. तिनं एक मोडून कानाशी धरला, कड वाजली.

"अजून ऐकू येतंय म्हणायचं भाभीला," जस्मीन ताटात पिस्ते सोलत म्हणाली.

"ऐकू बी येतंय आन दिसतंय बी. पिस्ते उभे काप, भुगा करू नकोस."

"बघ जन्नत, माझ्या घरात मलाच हुकूम."

जन्नत पातेलं घासत राहिली.

शेवटचा घाणा कढईत होता, तेव्हा जस्मीन अगदी सहज म्हणाली, "भाभी, एवढं झालं की तुमी मागच्या दारानं घरी जावा. पावणे यायच्या आत."

"का गं?"

"तसं काय न्हाई. तुमची ही पांढरी साडी बघितली की लोक विचारत्यात, मग दस्तगीरभाईंचं पयल्यापासनं सांगत बसावं लागतंय. सणाच्या दिवशी घरात सुतक नको. हे म्हणले, भाभीला नीट समजावून सांग, वाईट वाटून घेणार न्हाईत."

सुलताना झारा हातात धरून उभी राहिली. वाईट वाटून घ्यायचं की नाही, हे ठरायच्या आत कढईतून धूर आला. तुकडे काळे पडले होते. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक घाणा करपला नव्हता. तिनं ते एका स्टीलच्या ताटलीत काढले आणि बाजूला सरकवले.

"जन्नत, हे कोंबड्यांना टाक."

जन्नतनं हात पुसले, ताटली उचलली, एकदा जस्मीनकडं पाहिलं आणि फडताळावर ठेवून दिली.

मागच्या दारात सुलताना थांबली. मागायचं नव्हतं, पण जीभ राहिली नाही. "जस्मीन, मी दुपारी घरीच हाय."

"मग बरंच हाय की. आराम करा."

घरी येऊन तिनं हात धुतले. तुपाचा वास जाईना. पाहुण्यांसाठी ठेवलेली चटई अंथरली, पितळी पेल्यात पाणी भरून ठेवलं आणि दाराकडं तोंड करून बसली. भिंतीपलीकडून ताटांचा आवाज आला, मग हैबतरावांचं गडगडाटी हसू, मग बाबालालचा आवाज, "घ्या वो, अजून एक घ्या. एकानं काय हुतंय?" सुलतानाला आपले तुकडे कमी होताना ऐकू येत होते. दुपारची, जोहरची अजान झाली. उन्हं कलली, असरची झाली. आळीतल्या दोन बायका दारावरून गेल्या, आत वाकून पाहिलं, चटई मोकळी दिसली तशा पुढं सरकल्या.

आणि वाडगा खरोखर आला. जस्मीनला आठवण झाली म्हणून नव्हे. हैबतरावांची बायको सारजाबाई हात धुता धुता म्हणाली होती, "दस्तगीरभाऊंच्या मयतीला यायचं ऱ्हायलं. त्यांची मालकीण हितंच शेजारी ऱ्हाती न्हवं? पाच मिनटं जाऊन येऊ." पाहुणीच जायचं म्हणते म्हटल्यावर रिकाम्या हातानं जाणं बरं दिसेना. पण परातीत एकही तुकडा उरला नव्हता. रबडी तेवढी होती.

सुलतानाच्या दारात आधी बाबालाल आला, मागून हैबतराव आणि सारजाबाई, मग जरीची ओढणी सावरत जस्मीन, हातात झाकलेला वाडगा. सगळ्यांच्या मागं पानाचं तबक घेऊन जन्नत. दारावरून गेलेल्या दोघी बायकाही परत येऊन उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. रीत पुरी होताना बघायला माणसं लागतात.

सुलताना उठून उभी राहिली. आलं. कुणाचंही असो, आपल्या दारात आलं.

"वयनी, दस्तगीर लई भला माणूस," हैबतराव चटईवर बसत म्हणाले. "त्यानं दिलेली चप्पल अजून माझ्या पायात हाय."

सगळे त्यांच्या पायाकडं बघू लागले. पायात आज बूट होते. हैबतरावांनी पाय आत ओढले.

जस्मीननं झाकण काढलं. वर पांढरी दाट रबडी, तीवर पिस्ते. पिस्त्यांचा भुगा केलेला होता. तिनं चमचा खाली घातला, आणि रबडीखालून तुकड्याचा काळा कोपरा वर आला.

सुलतानानं तो ओळखला. आईला लेकराचं डोकं ओळखायला काय लागतं. कोंबड्यांना टाकायला सांगितलेले तुकडे होते. तिनं जन्नतकडं पाहिलं. जन्नतनं नजर चुकवली नाही.

"भाभी, आ करा. तोंड गोड करा," जस्मीन म्हणाली. आवाज अगदी मायेचा होता.

"कुणी केलेत?" सुलतानानं विचारलं.

जस्मीनचा चमचा हलला नाही. "मीच की. सकाळपासनं उभी हाय. तुमच्याकडंच शिकले न्हवं का."

"आता चेला गुरूच्या फुडं गेला," बाबालाल हसत म्हणाला. "भाभीच्या हातात पयल्यासारखं राह्यलं न्हाई. दुःखानं माणूस मोडतं."

"मोडणारच," सारजाबाई म्हणाली. "पर जस्मीनबाई, तुमचा हात म्हंजी हात हाय. आमच्या नांद्यात आसं गोड कुणाला जमायचं न्हाई."

सुलताना पुन्हा जन्नतकडं वळली. "तू हुतीस न्हवं तितं सकाळी? सांग की."

जन्नतनं तबक एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "व्हय, हुते की. जस्मीनभाभींनीच केलं."

उंबऱ्यापाशी दोघी बायका वाट बघत होत्या. सुलतानाला तोंड उघडायचं होतं, ते घासासाठी की खरं बोलण्यासाठी, एवढंच ठरवायचं होतं. खरं बोलली असती, तर वाडगा तसाच झाकून परत गेला असता. या आळीत दुसरा वाडगा तिच्यासाठी निघाला नव्हता.

तिनं तोंड उघडलं आणि जस्मीननं चमचा आत घातला.

रबडी गोड होती, तिनं आटवली होती तशीच. मग करपट कडू चव आली आणि जिभेवर बसली. तिनं नीट चावलं. कड वाजली. सगळे बघत होते, म्हणून तिनं मान हलवली.

"ब्येस झालेत," ती म्हणाली.

"ऐकलं का?" बाबालाल हैबतरावांना म्हणाला. "भाभीच्या तोंडून आजवर दुसऱ्याची तारीफ निघाली न्हवती."

उंबऱ्यातल्या बायका समाधानानं निघून गेल्या. पाहुण्यांनी पान खाल्लं, दस्तगीर भला माणूस असल्याचं आणखी एकदा म्हणून झालं, आणि मंडळी उठली. जाता जाता जस्मीन म्हणाली, "वाडगा संपवा हां भाभी, टाकू नका. काचेचा हाय, जन्नतपाशी धाडून द्या."

जन्नत मागं राहिली. सुलतानानं एक एक करून सगळे तुकडे खाल्ले. जन्नत भिंतीला टेकून बघत होती. शेवटचा घास गेल्यावर सुलताना म्हणाली, "तुला खरं बोलायला काय झालं हुतं?"

"काय व्हायचंय? मला रोज त्यांच्याकडं भांडी घासायला जायाचंय." जन्नतनं वाडगा उचलला. "आन तुमी कशापायी रडगाणं लावताय? तुमाला निदान तुमचं तरी मिळालं. माझ्याकडं कुणी करपलेलं बी आणलं न्हाई."

तिनं वाडगा मोरीत धुतला, पुसला. सुलताना उठली, सवयीनं साखरेचा डबा काढला. भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं. तिनं मूठ भरली, तोच जन्नतनं वाडगा मागं घेतला.

"ठेवा आत. दुखवट्याच्या घरचं भांडं रिकामंच जातंय. तुमीच सांगत आलाय समद्यांना."

"दुखवटा उठला की आता," सुलताना म्हणाली.

"व्हय," जन्नत म्हणाली. "जस्मीनभाभींनी उठवला."

ती वाडगा घेऊन गेली. जाताना दार तिनं बाहेरून ओढून घेतलं. सुलताना मुठीत साखर धरून उभी होती. जीभ अजून कडू होती. तिनं मूठ तोंडाशी नेली, थांबली, आणि साखर परत डब्यात टाकली. आपल्याच हातचं गोड आज दुसऱ्यांदा खायचं नव्हतं.