धुतलेले खडे

आमच्या शेजारचे किल्लीकाका मूळचे सुतार. जुन्या सिनेगॉगमधली बाकं दुरुस्त करायला गेले आणि तिथलेच होऊन बसले. तिथे प्रार्थनेला येणारी माणसं दुसऱ्या महायुद्धात केवळ ज्यू म्हणून मारली गेली. आता ती वास्तू त्यांचं स्मारक आहे आणि तिची किल्ली काकांच्या कमरेला असते. उघड्या डोक्याने कोणी आला, की दारातल्या टोपलीतली टोपी काका त्याच्या हातात ठेवतात.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काका घरी होते, तेव्हा सगळं काकूंनी सांभाळलं. काका काठी टेकत पुन्हा कामावर निघाले, त्या दिवशी काकू आणि मीही सोबत गेलो. बाकं आरशासारखी लखलखत होती. पण अंगणातली स्मृतिशिळा बघून काकांचा चेहराच उतरला.

"अगं, इथले खडे कुठायत?"

"झाडले. केवढा पसारा तो!"

"पसारा? ज्यू माणसं फुलांऐवजी खडे वाहतात! आणि आज आजी येणार आहेत."

या आजींचा भाऊ त्या मारल्या गेलेल्यांत होता, म्हणून त्या दरवर्षी यायच्या. त्यांचं माहेरचं घर पाडलं, तेव्हा अंगणातला पांढऱ्या रेघेचा एक तांबूस खडा त्यांनी आणून शिळेवरच्या भावाच्या नावापाशी ठेवला होता. माहेरचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

"टाकलेस कुठे?"

"टाकीन कशाला? सुतळीचा तुकडा तरी टाकते का मी? धुतले आणि कुंड्यांच्या तळाशी घातले. पाणी तुंबत होतं."

काका तिथेच फतकल मारून बसले.

"अहो, डॉक्टर नको म्हणालेत!"

"मग डॉक्टरांना बोलाव कुंड्या उपसायला!"

मी वर्तमानपत्र पसरलं. माती एका बाजूला, खडे दुसऱ्या. कुंड्या संपत आल्या तरी तांबूस काही दिसेना. काकूंचे डोळे भरले. अगदी शेवटच्या कुंडीत तो निघाला, अंगावरच्या पांढऱ्या रेघेसकट. काकूंनी तो मुठीत घट्ट धरला.

तेवढ्यात आजी आल्याच. काकांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. आजींनी खडा उन्हात धरून निरखला.

"आंघोळ म्हटली की भाऊ पळून जायचा," त्या काकूंना म्हणाल्या. "शेवटी तुमच्या तावडीत सापडला म्हणायचा!"

काकू रडता रडता हसल्या. दोघींनी मिळून खडा जागेवर ठेवला. बाकीचे ठेवायला काका उठू लागले, तर उठता येईना.

"बसा आता," काकू म्हणाल्या. "ते मी ठेवते. झाडलेत मीच ना!"