न टोकलेली चूक

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. दवाखान्यातून भावजय बोलत होती, "वन्सं, ते गेले." मी "बरं" म्हटलं आणि उरलेली जुडी निवडून संपवली. लोक म्हणतात, धक्का बसला असेल. असेल. पाच आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही.

वसंता माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढे त्याची सुरू झाली. त्याचे पाढे मी घ्यायची. चुकला की टोकायची, रडला तरी टोकायची. मोठा झाल्यावर तो चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे-अवजारं बनवायच्या खात्यात, लागला आणि तिथेच निवृत्त झाला. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्या चिंचवडच्या घरी राहायला आले. कंपनीतल्या ड्रॉइंगवर गोलाच्या मापाआधी रेघ मारलेलं शून्य असतं, त्याला 'फाय' म्हणतात. अगदी बारीक मापाला शेपटीवाला 'म्यू'. तीस वर्षं ही अक्षरं वाचून पोट भरलं, पण ती कुणाची हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला खुपायचं. ती ग्रीक निघाली, म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने विद्यापीठात प्राचीन ग्रीकच्या वर्गात नाव घातलं. पोरापोरींत हा एकटा म्हातारा... खाली पार्किंगमध्ये शेजारचे जगताप म्हणाले, "काय राव, रिटायर झाल्यावर माणसं आळंदीला जातात, तुम्ही थेट ग्रीसला!" वसंता म्हणाला, "आळंदीच्या बसला बसायला जागा नसते, भाऊ." मीही विचारलं, "आता काय नोकरी लागणार आहे का तुला?" त्यावर तो म्हणाला, "अक्का, बोलू नकोस. वही धर."

वही धरायची म्हणजे तो पाठ म्हणणार आणि मी चूक काढणार. त्यासाठी मला ती चोवीस अक्षरं शिकावी लागली. दोन महिने गेले. अर्थ मला कळत नव्हता आणि मी विचारलाही नाही. बोट ओळीवरून फिरवायचं, तोंडातून दुसरं काही आलं की "चूक" म्हणायचं आणि त्या शब्दापुढे पेन्सिलीने फुली मारायची. रोज दुपारी चहा झाला की त्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या लोखंडी टेबलावर. भावजय आतून ओरडायची, "वन्सं, एखादी सोडा की!" मी सोडली नाही. एकदा तो चिडून उठला, "तुझ्यापेक्षा आमच्या मॅडम बऱ्या!" पाच मिनिटांनी परत येऊन बसला आणि पहिल्यापासून म्हणू लागला. पहिलं वर्ष पास झाला तेव्हा पहिला पेढा मला दिला. दुसऱ्या वर्षी कविता आल्या. त्यांचा अर्थ सांगायला लागला की मी म्हणायची, "अर्थ मॅडमना सांग, मला ओळ म्हणून दाखव."

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला महिना राहिला होता, तेव्हा पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता करण्यासारखं काही नाही. भावजय म्हणाली, "वन्सं, त्यांना कळता कामा नये. पेपरच्या आशेवर आहेत, तेवढी राहू द्या." मला पटलं नव्हतं. पण नवरा तिचा होता. मी हो म्हटलं.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत त्याने मला उशीखालची वही काढायला लावली. "धर अक्का. पहिला धडा." लुओ, लुएइस, लुएइ... अशी एका क्रियापदाची सहा रूपं वहीत होती. ऐकून ऐकून मलाही पाठ झालेली. तो तिसऱ्याला अडखळला, पुन्हा दुसरं रूपच म्हणाला, आणि पुढचं आलंच नाही. माझं बोट ओळीवर होतं. मी म्हटलं, "बरोबर."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "अक्का, किती दिवस म्हणालेत डॉक्टर?"

भावजयीने माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली. "थोडे," म्हटलं.

"मग मॅडमना फोन करा. पेपरला येत नाही म्हणावं." एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी चहा आणायला खाली गेले. दोन दिवसांनी तो गेला.

मी सांगायला नको होतं असं भावजयीला वाटतं. त्याला कळलं ते त्याआधीच. जन्मभर टोकलं आणि त्या दिवशी टोकलं नाही, त्यातच कळलं. टोकलं असतं तर कदाचित आशेवर गेला असता. कदाचित कळलं तेच बरं झालं असेल... मला ठरवता येत नाही आणि विचारायला तो नाही.

टेबल तिथेच आहे. चहा झाला की मी अजून तिथे जाऊन बसते, सवयीने. काल वही उघडली. पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानावर तिसऱ्या रूपापुढे फुली मारली. "चूक," म्हटलं, मोठ्याने.

भावजय आतच होती. "एखादी सोडा की" म्हणाली नाही.