सेट कोणाचा चालू होता?

अन्याय झाला तो आमच्या क्लबातल्या काकांवर. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मंठा रोडकडच्या आमच्या मैदानावर, भरल्या मांडवासमोर. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोक म्हणतात, कधी झालं, कुठं झालं, आम्हाला तर काही आठवत नाही.

क्लब रिमोटवर विमानं उडवणाऱ्यांचा. खेळण्यातली नव्हेत. हलकं लाकूड कापून, घासून, जोडून महिनोन्‌महिने घरी बांधलेली, इंजिनाची विमानं. काका नवीन जालन्यात बँकेत होते, आता निवृत्त. मूळचे केदारखेड्याचे, तिकडची शेती भाऊ बघतो. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा मैदानावर गेल्ते तेव्हा बाकीच्या पुरुषांनी मला अदबीनं खुर्ची दिली. काकांनी सेट दिला. सेट म्हणजे दोन दांड्यांचा रिमोट. म्हणाले, "बसून काय करून राह्यली? उडव." त्या दिवशी माझ्या हातून त्यांच्या विमानाचं चाक तुटलं. ते म्हणाले, चाक पुन्हा बसतं, भीती बसली तर निघत न्हाई.

काकांचा सेट जुना, लांब अँटेना ओढून काढायचा. जुन्या सेटांचे चॅनल ठरलेले असतात. एकाच चॅनलवर दोन सेट चालू झाले की विमानाला कळत नाही कोणाचं ऐकायचं, आणि ते पडतं. म्हणून मैदानावर पहिल्यापासून एक फळी असायची. तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले, चिमट्यावर चॅनलचा नंबर. आपला चिमटा काढायचा, अँटेनाला लावायचा, मगच सेट चालू करायचा. चिमटा फळीवर नसेल तर कितीही हात शिवशिवले तरी गप उभं राहायचं. नव्या सेटांना ही भानगड नाही, ते रिकामा चॅनल आपला आपण शोधतात. हळूहळू सगळ्यांनी नवे घेतले. फळीवरून चिमटा काढणारे एकटे काकाच उरले.

"काका, कोण चोरून राह्यलं तुमचा चॅनल?" पोरं चिडवायची.

"चोरायला कशाला पाहिजे? बाजूला कोणी नुसतं बटण दाबलं तरी माझं विमान गेलं."

दिवाळीनंतर दरवर्षी आमच्या मैदानावर मेळावा भरतो, त्याला परभणीहून, बुलढाण्याहून लोक येतात. काळ्या जमिनीच्या भेगांत विमानांची चाकं अडकतात, म्हणून धावपट्टीवर मुरूम टाकावा लागतो. गेल्या वर्षी मुरूम आणि मांडव दिला एका बियाण्याच्या व्यापाऱ्यांनी. त्यामुळं त्यांच्या फोटोचं बॅनर लागलं, आणि लागलं ते फळीच्या जागी. फळी कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत गेली. मी विचारलं तर क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "एक दिवस फळी न्हाई दिसली तर आभाळ कोसळतं का?" काकांनी फळीवरचा आपला चिमटा तेवढा मागून घेतला आणि अँटेनाला लावला. पण बिनफळीच्या मैदानावर तो बाकीच्यांनी कुठं वाचायचा?

मेळाव्यात पहिलं विमान काकांचं उडतं, ही रीत. पाहुणे उशिरा आले, तोपर्यंत काका उन्हात उभे. मग इंजिन चालू झालं, इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास सुटला, आणि ते पिवळं विमान मुरमावरून असं अलगद वर गेलं की मांडवातली लहान लेकरं खुर्च्यांवर चढली. दोन चकरा झाल्या. तिसरीला विमानानं अचानक मान टाकली, सरळ झालं, पुन्हा टाकली.

काका ओरडले, "सेट बंद करा! कोणाचा सेट चालू हाये? बंद करा आधी!"

कोणी हललं नाही. विमान शेजारच्या कपाशीत गेलं. लाकूड मोडल्याचा आवाज मांडवापर्यंत आला, आणि त्यावर माईकवाल्याचा आवाज: "काकांचं विमान कापूस वेचायला गेलंय मंडळी!" लोक हसले. पोट धरून हसले.

मी धावले, पण कपाशीकडं नाही. स्टेजच्या खांबाजवळ मला एक उभी अँटेना दिसली होती. व्यापाऱ्यांचा पुतण्या कुठूनसा मिळालेला जुना सेट हातात घेऊन रील काढत होता. मी विचारलं तर बिचारा घाबरलाच. "ताई, मी फक्त ऑन करून बघितला. माझं विमान तर घरी आहे."

विमान घरी आहे, मग सेट चालू केल्यानं काय होतंय! त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणारी फळी डिकीत होती. सेटवरचा नंबर मी वाचला. काकांच्या चिमट्यावरचाच होता.

हे मी सेक्रेटरींना तिथल्या तिथं सांगितलं. ते इकडं तिकडं बघून म्हणाले, "हळू बोल. पुढच्या वर्षीचा मुरूम तू टाकणार का? तुला पत्रकं छापायची सवय, तुला जिथं तिथं अन्यायच दिसतो."

हो, दिसतो. झालेला असला की दिसतो.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. सुरक्षेच्या कारणास्तव ज्येष्ठ सदस्यांनी यापुढं विमान उडवू नये, मार्गदर्शन करावं. ज्येष्ठ सदस्य क्लबात एकच. काकांनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मी पत्रक लिहिलं. सगळी नावं घातली आणि वाटायच्या आधी दाखवायला काकांच्या घरी गेले. ते शांतपणे वाचून म्हणाले, "न्हाई वाटायचं. ते पोरगं पुन्हा मैदानावर पाय ठेवीन का? अन् पोरी, खरं सांगू का, माझा हातच हलला असंल." त्यांनी हात पुढं धरला. थरथरत होता. त्या वयात कोणाचा थरथरत नाही? याच हातानं त्यांनी परभणीच्या सुसाट वाऱ्यात विमान उतरवलेलं मी बघितलंय.

"काका, तुम्हीच ओरडलात ना, सेट बंद करा म्हणून?"

"ओरडलो. पडायला लागलं की माणूस काहीबी ओरडतं."

तेवढ्यात कंपाउंडर आला. काकूंना रोज सकाळी इन्सुलिन लागतं. इतकी वर्षं ते काकाच द्यायचे. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. "मेळाव्यापासून सुईला हातच लावीना गेले. मी म्हनलं, अहो, मला कधी दुखलं न्हाई तुमच्या हातानं. तर म्हनले, तुला कळत न्हाई, माझा भरवसा राह्यला न्हाई." त्या पदरानं डोळे पुसत होत्या, आणि बाहेर काका कंपाउंडरला सांगत होते की सुई बराबर किती तिरपी धरायची.

विमान मोडलं त्याचं मला एवढं नाही. विमानं मोडतातच. पण ज्या माणसाला पडत्या विमानाकडं बघताना खरं कारण पक्कं ठाऊक होतं, त्याला मांडवभर लोकांनी हसून आणि गप बसून त्याच्याच हाताविरुद्ध फितवलं. आता ते स्कूटर चालवत नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. क्लब म्हणतो, काकांनी मोठ्या मनानं निर्णय स्वीकारला.

त्यांच्या शब्दाखातर पत्रक मी वाटलं नाही, आणि इथंही कोणाचं नाव घेतलेलं नाही. पण गप बसेन असा शब्द मी दिलेला नव्हता. मी एकटी सांगते तेव्हा काकांना वाटतं, पोरगी माया करते म्हणून बोलते.

म्हणून तुम्हाला सांगते. त्या सकाळी तुम्ही मांडवात होतात. हसलात, ते जाऊ द्या. चुकून चालू राहिलेल्या सेटाची गोष्ट दुपारी जेवणाच्या पंगतीत सगळीकडं झाली होती, ती तुम्हीही ऐकलीत. त्यांच्या घरी जा. कंपाउंडर यायच्या आधी जा, आणि त्यांच्या तोंडावर सांगा: काका, हात तुमचा नव्हता.