उंबराची साल आणि कागदी बाहुली

सेवेत मी खुनाचे, दरोड्याचे पंचनामे केले. झाडाच्या बुंध्याचा पंचनामा मात्र एकदाच केला, आणि तोच जास्त आठवतो. तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सकाळच्या हजेरीनंतर हवालदारांनी खबर दिली. एका गावात बारामती रस्त्यावरचा जुना उंबर वाळला होता आणि बुंध्यावर खिळा मारून ठोकलेली कागदी बाहुली सापडली होती.

"लोक करणी म्हणतायत साहेब. एका बाईचं नाव घेतायत."

पाठोपाठ तक्रारदार आले. गावातला वजनदार माणूस. सगळे त्यांना तात्या म्हणत. "ती बाई झाडाच्या साली सोलती, चुन्यात उकळती, दिवसभर दगडानं ठेचती. तिला गावाबाहेर काढा, न्हायतर आमी काढतो."

हवालदारांनी काढून आणलेली बाहुली मी हातात घेतली. तपकिरी, जाड, कापडासारखा कागद. हात वर केलेला माणूस, अंगातून कणसं फुटलेली. खोटं कशाला सांगू, मलाही ते बरं वाटलं नाही.

बाईंच्या दारात जमाव उभा होता. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. साखर कारखान्यांची यंत्रं उभारणारे त्यांचे पती वारले होते. झडतीत चुन्याचं पातेलं, सालींच्या जुड्या, फळीवर वाळणारा कागद मिळाला. सगळं तात्यांनी सांगितलं तसंच. मी बाईंना ठाण्यात आणलं.

"हे काय चालवलंय?"

"सालीचा कागद करते. पतींच्या नोकरीमुळं मेक्सिकोत होते. तिथल्या डोंगरातल्या एका आदिवासी बाईनं शिकवलं. ते लोक या कागदावर पक्षी, फुलं रंगवतात. पीक चांगलं यावं म्हणून बियाण्याच्या देवाची अशी आकृती कापतात."

"मग उंबरावर का ठोकली?"

"मी नाही ठोकली. एकीला दिली होती."

"कोणाला?"

तासभर विचारलं, तरी त्यांनी नाव सांगितलं नाही. माझा संशय पक्का झाला.

दुपारी पंचांसह त्यांना झाडापाशी नेलं. त्या बुंध्याशी वाकल्या. "साहेब, मी फांद्यांची साल काढते, लांब पट्ट्यांत. इथं बुंध्याभोवती सगळीकडून कुऱ्हाड चालवलीय. आणि ढलप्या इथंच पडल्यात. ज्याला साल हवी, तो ती टाकून जाईल का?"

मी टेप लावली. वीतभर रुंदीचा पट्टा पूर्ण गोल उडवला होता. कोणाला तरी झाड मारायचंच होतं. मान वर केली तर झाडामागं दुकानांचे नवे गाळे, पुढची बाजू उंबरानं अडवलेली.

"हे कोणाचे?"

"तात्यांचे," हवालदार हळूच म्हणाले. "झाड तोडायचा त्यांचा अर्ज नामंजूर झाला होता."

ठाण्यात परतलो तर तात्यांची सून भावाला घेऊन बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "बाहुली काकूंनी मला दिली, मी ती मक्याच्या बियाण्यात ठेवली हुती. मामंजींनी काढून नेली. काकूंना सोडा."

मी तात्यांना बोलावून घेतलं. "तात्या, असा कागद तुमच्या घरात कधी होता?"

"न्हाय. असलं आमच्या घरात येत न्हाय."

मी सुनेचा जबाब त्यांच्यापुढे ठेवला. तो वाचून झाल्यावर तात्या म्हणाले, "हिरवं झाड तोडू देत न्हाईत, साहेब. वाळलं की परवानगी मिळती. नाव बाईचं घेतलं की कोण इचारणार?"

तात्यांवर गुन्हा दाखल झाला. सून माहेरी गेली. बाईंना सोडताना मी विचारलं, "नाव आधीच का नाही सांगितलं?"

"त्या पोरीला त्याच घरात राहायचं होतं ना."

पुढं बाई वालचंदनगरला राहायला गेल्या. त्यांना थांबवायला गावातलं कोणीही आलं नाही.

मी अर्धा दिवस बाईंच्या मागं घालवला. तक्रारदाराचा यात काय फायदा, हे विचारायला मला झाडापाशी जावं लागलं. नंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तक्रार लिहून झाली की मी एक प्रश्न विचारायचो, "हे झाल्यानं तुमची काही सोय होते का?" पुष्कळांना राग यायचा. मी तो येऊ द्यायचो.